घोडीला बाल आलाय

मी घोडी बोलतेय. दाणा-चारा खाणारी नव्हे, वरातीतली नव्हे. चार पायांची, सहा पायऱ्यांची, ॲल्युमिनियमची घोडी. दुसरीकडची मराठी माणसं मला शिडी म्हणतात, पण इथं ग्वाल्हेरात, खासगी बाजारातल्या मानसिंगरावांच्या साडीच्या दुकानात, सगळे घोडीच म्हणतात. हिंदीतून आलेला शब्द. इथल्या मराठी माणसाच्या तोंडात असे कितीतरी शब्द तिकडून येऊन बसलेत आणि आता उठायला तयार नाहीत. बसू देत. पण अशाच एका शब्दापायी माझ्यावर चढणाऱ्या बाईचं कंबरडं मोडायची वेळ आली होती, आणि मला काही करता येत नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून बोलतेय. गोड ऐकायचं असेल त्यांनी पुढे वाचू नये.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या, ते सांगत नाही. नाव घेण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही. नुसतं ॲल्युमिनियम म्हणजे घरातलं पातेलं. हातातून पडलं की पोचा. म्हणून त्यात थोडं मॅग्नेशियम, थोडं सिलिकॉन घातलं, तापवलं, आणि सोऱ्यातून शेव पाडतात तशा साच्यातून दाबून लांबच लांब पट्ट्या पाडल्या. त्या पट्ट्या म्हणजे माझे पाय. लोखंडाची घोडी हलवायला दोन माणसं लागतात, मला एक बाई एका हातानं उचलते. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

मग पायांना भोकं पाडली आणि रिबिटं ठोकून पायऱ्या बसवल्या. ड्रिल बोथट झालं असेल, की भोकं पाडणाऱ्याला घरी जायची घाई असेल, मला ठाऊक नाही. माझ्या डाव्या पायाला तिसऱ्या पायरीचं जे भोक आहे, त्याच्या काठावर एक ओरखडा राहिला. नखाच्या टोकाएवढा. कोणी बोट फिरवलं असतं तर लागला असता. कोणी फिरवलं नाही. वर रिबिट बसलं, ओरखडा झाकला गेला, आणि मला पास केलं.

अंगावर एक कागद मात्र चिकटवला होता. किती वजन घ्यायचं, चढण्याआधी कुठे कुठे बघायचं, सगळं त्यावर छापलं होतं. दुकानात आले त्याच दिवशी मानसिंगरावांच्या मुलानं, समरजीतनं, तो नखानं खरवडून काढला. "अच्छा नहीं लग रहा, बाबा," म्हणाला. पस्तिशीचा मिशीवाला बाप्या, दोन मुलांचा बाप, आणि वाचायच्या आधी फाडतो. बाबांनीही ते कपटे न वाचताच केरात टाकले.

दुकानात माझ्यावर चढायची ती नीलम. चाळिशीला टेकलेली, अंगानं बारीक, जिभेनं तिखट. दुकानात तिला सात वर्षं झाली, मला पाच. भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि कुठली साडी कुठल्या फळीवर कितवी आहे, हे ती खाली उभी राहून, न बघता सांगते. चढतानाही ती माझ्याकडे बघत नाही. एक हात मला, दुसऱ्या हाताच्या वळणावर साड्यांची चवड, आणि तोंडानं गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच. तिचा पाय पडला की मला बरं वाटायचं. आपलं काम ज्याला येतं त्याचा पाय वेगळा पडतो.

आता गिऱ्हाइकांचं सांगते. बायकांबद्दल वाईट बोलू नये, मीही बाईच आहे, पण खरं ते खरं. बाई दुकानात आली की तिला समोर मांडलेली साडी दिसतच नाही. तिची नजर जाते ती छताजवळ. "ती वरची दाखवा." नीलम चढली. "ती नव्हे हो, तिच्या शेजारची." पुन्हा चढली. "हिचा काठ आणि मघाचा रंग, असं नाही का काही?" पुन्हा चढली. आणि शेवटी घेणार ती पहिल्यांदा समोर पडलेलीच. दिवसाला साठ चढ-उतार कुठे गेले नाहीत. पाच वर्षांत लाखाच्या आसपास गेले असतील.

एक तार घ्या. एकदा वाकवा, काही होत नाही. तीच तार त्याच जागी इकडून तिकडे वाकवत राहा, ताकद न लावता, गप्पा मारत मारत. थोड्या वेळानं दोन तुकडे हातात येतील. माझं तेच झालं. नीलम फार जड नव्हती. एका चढण्यानं मला काहीच होत नव्हतं. पण प्रत्येक पावलाला तो ओरखडा जरासा उघडायचा, आणि उघडला की त्याचं टोक केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं पुढे सरकायचं. केसाचा हजारावा हिस्सा. हसाल तुम्ही. पण रोज साठदा हसून बघा, पाच वर्षं.

शिकलेली माणसं ह्याला धातूचा थकवा म्हणतात. नाव बरं आहे, पण त्यानं एक गैरसमज होतो. माणूस थकला तर झोपून उठतो आणि कामाला लागतो. सोमवारी दुकान बंद असायचं, मी कोपऱ्यात मिटून उभी असायची, कोणाचा पाय नाही. मंगळवारी भेग होती तेवढीच. विश्रांतीनं ती कणभर भरत नाही.

आणि हिची सगळ्यात वाईट खोड सांगते, ह्याच खोडीनं सगळा घात केला. कोणी वर चढलं की भेग तोंड उघडते. उतरलं की मिटते. आणि नुसती मिटत नाही, घट्ट मिटते. पुढे सरकताना मागे ताणलेला धातू ठेवत जाते ना, तो जरा लांबलेला असतो. वजन पुरतं उतरायच्या आधीच दोन्ही कडा एकमेकींना भिडतात. वर आतल्या घासण्यानं काळी भुकटी साठते, ती फटीत पाचर मारल्यासारखी बसते. मग तुम्ही बोट फिरवा, चष्मा लावा, काही दिसत नाही. तोंड गच्च मिटून बसते, शाळेत डबा चोरून खाल्लेल्या पोरीसारखी.

ती काळी भुकटी रिबिटाच्या कडेनं थोडी थोडी बाहेरही यायची. एकदा पांढऱ्या चंदेरीला तिचा डाग लागला. मानसिंगरावांनी साडी उजेडात धरली.

"नीलम, काजळाचे हात लावतेस का साड्यांना?"

"मी काजळ घालत नाही, दादासाहेब."

"मग तेलाचे असतील. हात धुवून येत जा बाई."

तिनं हात पुढे करून दाखवले. स्वच्छ होते. त्यांनी पाहिले नाहीत. डाग कुठून आला, एवढं जरी त्या माणसानं विचारलं असतं! पण डाग पडला की आधी बाईचे हात बघायचे, आणि तेही न बघता ठरवायचं.

ह्या वैशाखात माझ्यातून आवाज यायला लागला. टिक. तिसऱ्या पायरीवर डावा पाय पडला की एकदाच. गर्दीत कोणाला ऐकू येण्यासारखा नव्हता, पण नीलमच्या तळपायाला कळला. त्या दिवशी दुकानात सीमंतिनीकाकू आल्या होत्या. माधवगंजातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला. नीलम चौथ्यांदा चढली, टिक झालं, ती थांबली, खाली उतरली आणि गल्ल्यावरच्या मानसिंगरावांना म्हणाली, "दादासाहेब, घोडीला बाल आलाय."

बाल. नीलमच्या माहेरचं कपबशांचं आणि लोणच्याच्या बरण्यांचं दुकान. कपाला केसाएवढी चीर गेली की इथं हिंदीत म्हणतात, बाल आ गया. तिचे वडील प्रत्येक कप टिचकी मारून ऐकायचे, आणि बाल आलेला कप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही म्हणून स्वतः फोडून टाकायचे. त्या घरात ह्याहून गंभीर शब्द नव्हता. तोच तिनं वापरला. पण साड्यांच्या दुकानात कपबशांचा शब्द कोणाला कळणार?

सीमंतिनीकाकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय आलं म्हणालीस?"

"बाल, काकू. घोडीला."

"अगं बाई! घोडीला बाळ झालं?"

झालं. सगळं दुकान हसायला लागलं. काकूंची मुलगी हसली, शेजारची दोन गिऱ्हाइकं हसली. समरजीत कापडाचं ठाण टाकून पुढे आला. "दीदी, फिर तो मिठाई बनती है! शिंगरू कोणावर गेलंय?"

"बारशाला बोलवा हो," काकू म्हणाल्या. "पाळणा मी म्हणेन."

मानसिंगरावांचं पोट हलायला लागलं. "आमचे खापरपणजोबा दख्खनमधून घोड्यावर बसून आले इथं. घराण्यात एवढी जनावरं झाली, पण ॲल्युमिनियमची घोडी व्यायलेली आमच्याच नशिबात होती!"

नीलमही थोडी हसली. लोक हसले की हसावं लागतं. मग म्हणाली, "तसं नाही. चीर आहे. तिसऱ्या पायरीपाशी. पाय ठेवला की बोलते."

"बघू दे," मानसिंगराव म्हणाले. "हो बाजूला."

मोबाईलचा दिवा लावून ते माझ्यासमोर वाकले. माझ्यावर कोणी नव्हतं. भेग घट्ट मिटलेली. त्यांचा अंगठा अगदी तिच्यावरून गेला, दोनदा गेला, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो आता नाही! ती वर असताना बघा! आता काय दिसणार आहे तुम्हाला!

"कुठंय चीर? दाखव."

नीलमनं वाकून पाहिलं. तिलाही दिसेना. "इथंच होती. म्हणजे, आवाज इथूनच आला."

"वहम आहे दीदी," समरजीत म्हणाला. "गर्मी किती आहे."

आणि मग मानसिंगरावांनी जे केलं, ते ह्या जगात फक्त पुरुष करतात. "थांबा," म्हणाले, चपला काढल्या, आणि स्वतः माझ्यावर चढले. शंभराच्या वर वजन. तिसऱ्या पायरीवर उभे राहून दोन वेळा उडी मारली. "बघ! मी उड्या मारतोय. तू काय माझ्या निम्मी." समरजीतनं टाळ्या वाजवल्या.

त्या वेळी माझी भेग कधी नव्हती एवढी उघडली. तिच्या टोकाचा धातू चिक्कीच्या पाकासारखा ताणून लांबला. पण तुटला नाही. आणि ते उतरल्यावर जे झालं ते मी कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तो ताणून लांबलेला भाग तेवढा मोठा झाला, भोवतालचा धातू मात्र होता तसाच. त्यानं त्या भागाला चारी बाजूंनी आवळलं. भेगेचं टोक असं काही दाबलं गेलं की नीलमच्या हलक्या पावलांनी ते उघडेचना. उघडलं नाही तर पुढे सरकणार कसं? टिक बंद झालं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आषाढ गेला, श्रावण गेला.

म्हणजे बघा. उडीनं इजा झाली, आणि त्याच इजेनं काही काळ आवाज बंद केला. मानसिंगराव येईल त्याला सांगायचे, "मी एकदा चढलो, घोडीचं दुखणं पळालं." आणि दुकानात नवीन गंमत सुरू झाली. नीलम जरा हळू चढली की समरजीत विचारायचा, "शिंगरू कैसा है, दीदी?" सीमंतिनीकाकू लग्नाची पत्रिका द्यायला आल्या तर म्हणाल्या, "बाळाला घेऊन या हं." वाईट मनानं कोणी म्हणत नव्हतं. तोच तर वैताग. वाईट मनानं म्हटलं असतं तर नीलमनं एक ठेवून दिली असती.

नीलम मात्र बदलली. एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती गल्ल्यापाशी जाऊन म्हणाली, "दादासाहेब, माझंच चुकलं त्या दिवशी. उगाच सगळ्यांसमोर बोलले."

"असू दे गं," ते म्हणाले. मोठ्या मनानं!

ती माफी मागत होती आणि मी कोपऱ्यात उभी. बरोबर होती ती! अक्षर न् अक्षर बरोबर होती, आणि मीच तिला खोटं पाडलं होतं. माझी भेग मिटली नसती, माझा आवाज थांबला नसता, तर हिला मान खाली घालावी लागली नसती. स्वतःच्या अंगाचा इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता.

भाद्रपद संपता संपता भेगेनं तो आवळलेला भाग ओलांडला. टिक. पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आता पट्टीची निम्म्याहून जास्त रुंदी गेलेली, आणि जेवढी पट्टी उरली तेवढ्यावर सगळा भार, म्हणजे भेगेची चाल रोज वाढती. नीलम सहाव्या पायरीवर असायची, हातात पंधरा साड्या, पाठीमागे खाली काचेचा काउंटर. पट्टी तुटली की ती मागेच जाणार, दुसरीकडे जायला जागाच नाही. मला रोज तेच दिसत होतं. दिवाळीनंतर लगीनसराई. तेव्हा साठाचे शंभर चढ होतात.

तिला टिक कळलं, मला ठाऊक आहे. पाय आखडला तिचा. पण ह्या वेळी ती बोलली नाही. डावा पाय टेकवायचा टाळू लागली, तिसरी पायरी गाळून लंगडीसारखी उजव्या पायावर वर जाऊ लागली. पडायची भीती होतीच तिला, पण खोटं पडायची जास्त होती. सात वर्षं जिच्या शब्दावर दुकान चाललं, कुठली साडी कुठे आहे हे जिला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं, तिचा एक शब्द हसण्यावारी गेला आणि ती मोडायला आलेल्या पायरीवर गपचूप चढू लागली. आणि सगळे म्हणत होते, नीलम आजकाल शांत झाली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. जुन्या शिपाईगड्यांच्या घरात तलवारी पूजतात, मानसिंगरावांच्या घरात दोन आहेतही. पण दुकानात मांडतात ती कात्री, कापड मोजायचा गज, शिलाईची मशीन आणि मी. पूजेला मानसिंगरावांची बायको येते. मंदाताई. एरवी त्या दुकानात फिरकत नाहीत, पण आल्या की सगळे सरळ उभे राहतात. त्यांनी कुंकू पाण्यात चांगलं पातळ कालवलं आणि माझ्या पायांना बोटं ओढली. डाव्या पायावर तिसऱ्या पायरीपाशी जरा जास्तच लागलं, ओघळ खाली आला. हळद, फूल, अक्षता. त्या दिवशी पूजलेल्या हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून मी दिवसभर उभी होते, आणि ते लाल पाणी थेंबाथेंबानं भेगेत झिरपत होतं. माणसाचा डोळा जिथं पोचत नाही तिथं पाणी पोचतं.

दसऱ्याला सकाळी दुकान उघडलं. मंदाताई आपट्याची पानं घेऊन आल्या होत्या. नीलमनं ओल्या फडक्यानं माझं अंग लख्ख पुसलं, आणि पहिल्या गिऱ्हाइकासाठी चढली, उतरली. तिसऱ्या पायरीपाशी एक लाल रेघ उमटली होती. बारीक, कोणी सुईनं ओढावी तशी, रिबिटापासून पट्टीच्या काठाकडे वाकडी गेलेली. तिनं पुसली. पुन्हा एक चढ-उतार. रेघ पुन्हा तिथंच.

"अगं, पुसतेस कशाला?" मानसिंगराव म्हणाले. "पूजेचं कुंकू आहे. घोडीनं मळवट भरलाय, राहू दे."

नीलमनं तिसऱ्यांदा पुसली. फडकं बघितलं. चढली, उतरली. रेघ.

मी तिला विचार करताना पाहिलं. कपाळावर आठी, ओठ आत घेतलेले. कपबशांच्या दुकानातली पोर ती. बाल आलेल्या कपात चहा ओतला की तपकिरी रेघ दिसायला लागते, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

ती मानसिंगरावांकडे गेलीच नाही. मंदाताईंकडे गेली.

"ताई, माझं एक काम करा. मी चढते. मी वर असताना तुम्ही खाली वाकून बघा. उतरल्यावर नाही, वर असतानाच."

"आता गं काय?" समरजीत म्हणाला. "शिंगरूचा बर्थडे?"

"समर, तोंड बंद," मंदाताई म्हणाल्या. पदर खोचून त्या माझ्यापाशी गुडघ्यावर बसल्या. "चढ गं. पण तिसरीच्या वर जाऊ नकोस, आणि फळीला धरून राहा."

पाच वर्षांत पहिल्यांदा, मी भार सोसत असताना कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. नीलमनं डावा पाय तिसऱ्या पायरीवर टेकवला. मी तोंड उघडलं. जेवढं उघडता आलं तेवढं.

मंदाताईंनी हात लांब करून काउंटरवरच्या चंदेरीच्या पदराची एक दशी ओढली, रेशमाचा एकच धागा, आणि ओठांत ओला करून त्या फटीत सरकवला. धागा आत गेला. आरपार गेला. पलीकडून त्याचं टोक बाहेर आलं.

"आता उतर."

नीलम उतरली. भेग मिटली. धागा आतच राहिला, दोन्हीकडून टोकं लोंबत.

"अहो," मंदाताई म्हणाल्या, "इकडे या. हा धागा काढा."

मानसिंगराव आले, वाकले, चिमटीत धरून ओढला. येईना. जोरानं ओढला. धागा तुटला. अर्धा त्यांच्या हातात राहिला, अर्धा माझ्यात.

कोणी हसलं नाही.

"मी स्वतः बघितलं होतं," मानसिंगराव म्हणाले. "अंगठा फिरवला होता."

"रिकाम्या घोडीवर फिरवला होता," नीलम म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा मला खाली उतरवलंत आणि मग बघितलंत. मी उतरले की ती मिटते, दादासाहेब. उतरवून काय दिसणार होतं?"

समरजीत त्या धाग्याकडे बघत होता. मग काउंटरच्या काचेकडे बघितलं त्यानं. "दीदी, सॉरी," म्हणाला. उशिरा म्हणाला, पण म्हणाला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाला मोडकी वस्तू हातात आली की एकदम दानधर्म सुचतो. मानसिंगराव म्हणाले, "ठीक आहे. दुकानात नवी आणू. ही आपल्या मंडळाला देऊन टाकू. त्यांना वर्षातून चार वेळा पताका लावायला लागते, तेवढं सोसेल."

मी म्हटलं, संपलं. नीलम वाचली, आता मंडळातला कोणीतरी. त्याला टिक ऐकू येईल, तो सांगेल, त्याला खाली उतरवतील आणि अंगठा फिरवतील.

"म्हणजे आमच्या घरात नको, दुसऱ्याच्या घरात पडू दे?" मंदाताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी चपलाच घातल्या. "वर त्यावर देणगीदार म्हणून नाव घालाल."

"मग काय भंगारात द्यायची? चांगली उभी आहे!"

"उभी आहे म्हणूनच," नीलम म्हणाली. "उभी दिसली की कोणीही चढेल. भंगारवालासुद्धा वाटेत विकेल."

ती शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून धातू कापायची करवत घेऊन आली. मला बाहेर दुकानाच्या पायरीवर आडवं घातलं, दसऱ्याच्या गर्दीत, येणारे-जाणारे बघत असताना. पूजेच्या दुसऱ्याच दिवशी हत्यार कापायचं! एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "बाई, आजच्या दिवशी अशुभ आहे हो." नीलमनं मान वर केली नाही. माझ्या डाव्या पायाला ती चांगल्या बाजूनं कापत निघाली, तिसऱ्या पायरीपाशी, भेगेच्या दिशेनं. मंदाताईंनी दुसरं टोक पायानं दाबून धरलं. मला दुखत नव्हतं. काप बाई, म्हणत होते मी, लवकर काप.

फार कापावं लागलं नाही. बोटाच्या पेराएवढं. मग पाय आपोआप सुटला आणि पाच वर्षं झाकलेलं सगळं उजेडात आलं. तुटलेल्या तोंडावर बारीक बारीक रेघा होत्या, एकीला लागून एक, रिबिटाच्या भोकापासून निघून बाहेर बाहेर पसरत गेलेल्या. मध्येच एक जाड, काळपट पट्टा होता. नीलमनं त्यावर बोट ठेवलं.

"ह्या तुमच्या उड्या, दादासाहेब," ती म्हणाली. मग बोट बाकीच्या रेघांवरून फिरवलं. "आणि हे सगळे माझे चढ."

मानसिंगरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.

"नवी आणली की आधी तू बघ," ते म्हणाले. "प्रत्येक भोक बघ. वर मी उभा राहतो."

आता मी भंगारवाल्याच्या हातगाडीवर आहे, एक पाय तुटलेली. माझ्या अंगावर एक फुटका कूलर आणि दोन सायकलची चाकं. भट्टीकडे चाललेय. वितळून पुढे पातेलं व्हायचं की खिडकी, मला विचारणार कोण? काहीही करा. पण जायच्या आधी एक मागणं मागते, आणि विनवणी करत नाही, सरळ सांगते. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत घोडी असेल. आज काढा. एकाला पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उभं करा, तिथल्या जोडांपाशी दुसऱ्यानं खाली बसून दिवा धरा. मग तिसरी, आधाराला धरून. आणि वरचा म्हणाला की पायाखाली काहीतरी बोलतंय, तर हसायच्या आधी त्याला विचारा, कुठे. बस्स, एवढंच. गाडी हलली.